वाचनातला आनंद कोणाच्या मालकीचा?

‘मुलांनी आनंदासाठी वाचावे’ असे कोणी म्हटले की आपला कार्यकर्ता जरा अस्वस्थ होतो. या अस्वस्थतेला कारण आहे. ‘आनंद’ हा शब्द मराठी साहित्यव्यवहारात फार काळ एकाच वर्गाच्या ताब्यात राहिला. ज्यांची पोटे भरलेली होती, ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट वडिलोपार्जित होते, त्यांनी वाङ्मयाचे प्रयोजन आनंद असे ठरवले. पुढे आपल्या वेदनेचे लेखन आले तेव्हा त्यालाही तीच फूटपट्टी लावली. दलित साहित्याने ती फूटपट्टी नाकारली हे योग्यच झाले. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात वेदनेचे साहित्य आनंदाच्या निकषावर जोखता येत नाही अशी मांडणी केली, आणि आनंदाच्या जागी स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता ही मूल्ये आणली. त्या मांडणीशी माझे भांडण नाही.

माझे भांडण वेगळे आहे. लेखनाच्या मूल्यमापनात आपण जो नकार दिला, तो वाचणाऱ्या लहान मुलावरही लादला गेला. दुसऱ्याच्या यातनेतून रसनिष्पत्ती शोधणारा पांढरपेशा रसिक आणि गोष्टीत गुंग होऊन जेवणाची हाक न ऐकणारी आपल्या वस्तीतली दहा वर्षांची पोरगी, या दोघांचा आनंद एकच आहे काय? पहिला आनंद हे सत्तेचे लक्षण आहे. दुसरा या पोरीला अजून मिळालेलाच नाही. जो मिळालेलाच नाही तो नाकारण्यात कसला विद्रोह?

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त एकही पुस्तक हातात धरलेले नसते. त्यांना वाचता येत नाही असे नाही. वाचन म्हणजे परीक्षा, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. पहिलीपासून त्यांनी वाचन पाहिले ते प्रकट वाचन. उभे राहायचे, पुस्तक धरायचे आणि गुरुजींच्या टोकणीची वाट पाहायची. ‘पानी’ म्हटले की ‘पाणी’, ‘व्हतं’ म्हटले की ‘होतं’. वर्ग हसतो. त्या हसण्यात मुलाने धरलेला गोष्टीचा धागा तुटतो. विहिरीत पडलेल्या सिंहाचे काय झाले याच्याशी त्याला मग काही कर्तव्य राहत नाही, त्याला फक्त लवकर खाली बसायचे असते. आपल्या आईची बोली ही चूक आहे, हे तो ज्या क्षणी शिकतो त्याच क्षणी पुस्तक ही परक्याची वस्तू आहे हेही शिकतो. या शिक्षकांत आपल्या समाजाचे शिक्षकही आहेत, हे लिहून ठेवले पाहिजे. ण आणि न यांची राखण तेही तितक्याच निष्ठेने करतात.

आता पुस्तकांकडे येऊ. प्रस्थापित मराठी बालसाहित्याने आनंद भरपूर दिला, पण तो देताना वाचक कोण हे आधीच गृहीत धरले. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या घ्या, भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे घ्या. फेणे मला स्वतःला फार आवडतो. त्याच्या सायकलचा वेग आणि जीभ टाळूला लावून काढलेला तो ‘ट्टॉक’ कोणत्याही मुलाला आवडेल. पण फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेल्या या पोराच्या जगात आपली वस्ती कोठे आहे? नाही, आणि नसल्याची कोणाला जाणीवही नाही.

जेथे आपण आहोत तेथे काय आहोत हे पाहण्यासाठी मराठीतील सर्वाधिक प्रेमाने वाचलेल्या पुस्तकाकडे जावे लागेल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात ‘देवाला सारी प्रिय’ नावाचे प्रकरण आहे. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडली आहे आणि शिवायला नको म्हणून कोणी ती उचलून देत नाही. श्यामची आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते आणि त्यानंतर घरी येऊन आंघोळ करायला सांगते. गुरुजींच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्या माणसाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, त्याच्या करुणेचा हिशेब मागणे क्षुद्रपणाचे होईल. मी बोलतो आहे ते वाचणाऱ्या मुलाबद्दल.

आपला मुलगा हे पुस्तक वाचत असतो तेव्हा त्या पानापर्यंत तो श्यामच असतो. पोहायला भिणारा श्याम, आईवर रुसणारा श्याम. कोणाला तशी परवानगी मागावी लागत नाही, वाचणारे मूल हवे ते होते. आणि मग त्या पानावर त्याला त्याची आजी भेटते. तिला नाव नाही. तिला मोळी आहे. आणि श्यामने तिला मदत केल्यावर अंगावरून पाणी घ्यायचे आहे. आता या मुलाने काय करावे? श्याम राहून आंघोळ करावी, की आजीच्या बाजूला जाऊन उभे राहावे? पांढरपेशा घरातल्या मुलाला या पानावर दया शिकायला मिळते, आपल्या मुलाला आपली जागा. एकच पान, एकच भाषा, आणि वाचनातून उठताना दोन मुले दोन वेगळ्या गोष्टी घेऊन उठतात. मी आठवीच्या वर्गाला हे प्रकरण वाचून दाखवले तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, त्या म्हातारीनं घरी जाऊन काय सांगितलं असेल?” मराठी बालसाहित्यावर इतका नेमका अभिप्राय मी समीक्षेच्या ग्रंथात वाचलेला नाही.

यावरून असा निष्कर्ष कोणी काढू नये की आपल्या मुलांना ‘श्यामची आई’ किंवा फेणे देऊ नये. तसे म्हणणारे मित्र मला भेटतात आणि ते मला पटत नाही. आपल्या मुलाने फक्त आपलेच वाचावे, हा गावकुसाचा नियम आपणच पुस्तकाला लावल्यासारखे होईल. त्याला सगळे जग हवे. फक्त त्या जगातल्या एखाद्या तरी गोष्टीत ती म्हातारी घरी गेली पाहिजे, चुलीपुढे बसली पाहिजे, आणि तिने काय सांगितले ते मुलाला ऐकू आले पाहिजे.

आणि येथे दोष प्रस्थापितांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपण मुलांना काय दिले? वस्तीतल्या विहारात काचेचे कपाट असते. त्यात महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे जाडजूड खंड असतात. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली अध्यक्षांकडे असते. चौदा एप्रिलला मुलांना बक्षीस मिळते ते महापुरुषाच्या चरित्राची बत्तीस पानी पुस्तिका, जिच्यात जन्म, शिक्षण, पदव्या आणि कार्य या क्रमाने सर्व काही असते आणि एकही प्रसंग जिवंत नसतो. अलीकडे वाचनालय हा शब्दही मागे पडला आणि ‘अभ्यासिका’ आली. तेथे स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन तरुण पोरे दिवसदिवस माना खाली घालून बसतात. त्यांना मी हसत नाही, नोकरीचा प्रश्न खरा आहे. पण लहान भाऊ दारातून पाहतो आणि समजून जातो की, वाचन म्हणजे हे.

महाविद्यालयांतून ‘अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम बाबासाहेबांच्या नावाने होतो. बाबासाहेबांची ज्ञाननिष्ठा मुलांपुढे ठेवावी यात गैर काही नाही. पण त्यांचे चरित्र नीट वाचले तर काय दिसते? शाळकरी भीमरावाला ओढ होती ती शाळेच्या पुस्तकांबाहेरच्या पुस्तकांची. हे वडिलांना फारसे रुचत नसे, तरीही पुस्तक घेण्यासाठी ते लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन पैसे आणि दागिने उसने आणत. परळच्या एका खोलीत गर्दी, म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळूसकरांची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे १९५६ साली जे घडले त्याची एक वाट त्या बागेतून निघते. ते पुस्तक कोणत्याही इयत्तेला नेमलेले नव्हते. तास आपण लक्षात ठेवले, बाग विसरलो.

अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले असे आपण अभिमानाने सांगतो. मग ते वाचायला कोठे शिकले? मुंबईच्या रस्त्यावर, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत. पोस्टर वाचणाऱ्या मुलाला कर्तव्य सुचत नसते, आत काय चालले आहे हे त्याला कळायला हवे असते. ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी बाबासाहेबांना अर्पण केलेली आहे, तिच्यातल्या बंडावर आपण पुष्कळ लिहिले. परंतु ती किती वेगाने धावते, तिच्यात घोडा आहे, रात्र आहे, शीव आहे, खजिन्याची लूट आहे, हे आपल्या समीक्षेला सांगण्यासारखे वाटले नाही. मी ती आठवीला शेवटच्या तासाला थोडी थोडी वाचून दाखवतो. प्रश्न विचारत नाही, सारांश लिहायला सांगत नाही. राणोजी जोगणी आणायला निघाला तेथे एकदा तास संपला, तर मुले दाराशी उभी राहून भांडू लागली की पुढचे पान वाचाच. त्यात मातंग समाजाची मुले होती, मराठ्यांची होती, एक शिंप्याचा मुलगा होता. राणोजी कोणाचा, हा प्रश्न त्या घटकेला कोणाच्या डोक्यात नव्हता. पुढे तो येईल आणि यावाच. पण आधी त्यांनी राणोजीबरोबर घोडा फेकला होता.

हे मी शिक्षकांसाठी सांगतो आहे. शासनाने २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन केला. त्या दिवशी मुलांच्या हातात पुस्तके देऊन छायाचित्र घेतले जाते आणि अहवाल वर जातो. सोळा तारखेला पुस्तके पेटीत परत. फाटतील, हरवतील, वसुली कोणाकडून करायची, ही मुख्याध्यापकांची भीती. पुस्तक हरवले तर दंड, या एका अटीपायी मोलमजुरी करणारी आई मुलाला पुस्तक घरी आणूच देत नाही. आमच्या पेटीतली पुस्तके मी हरवू देतो. ‘किशोर’चे जुने अंक तर सुटी पाने होईपर्यंत फिरतात. बालभारतीने १९७१ पासून चालवलेले हे मासिक स्वस्त आहे आणि चांगले आहे. आपल्या किती संस्था त्याची वर्गणी भरतात?

मुलींचा प्रश्न आणखी निराळा. मुलगा पुस्तक घेऊन बसला तर अभ्यास करतो, मुलगी बसली तर रिकामी बसली. पाणी, भांडी, धाकटे भावंड. गोष्टीचे पुस्तक वाचायला जे लागते ते रिकामपण लागते, आणि आपल्या समाजाला रिकामपणाचा हक्क कधीच नव्हता. वेठ आणि बलुते यांत वाटून गेलेला दिवस आपल्या पूर्वजांचा होता. म्हणून रिकामे बसलेले पोर पाहिले की आपल्या बायामाणसांचा जीव अजून दडपतो. हा आळसाचा द्वेष त्यांना व्यवस्थेने शिकवला. अर्धा तास पोरीने काहीही उपयोगाचे न करता वाचत बसावे, ही मागणी मला पुष्कळ मोर्चांतल्या मागण्यांइतकीच राजकीय वाटते.

राहता राहिले आपले लेखक. १८५५ साली मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने, फुल्यांच्या शाळेत शिकत असताना, मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. म्हणजे आपले मूल लिहिते झाले त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्याच्यासाठी लिहिणारे आपल्यात किती? ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०), आपल्या प्रत्येक आत्मकथनात बालपण आहे. पण ते मोठ्यांच्या न्यायासनापुढे दिलेली साक्ष म्हणून आहे, आणि तसेच ते असायला हवे होते. तरीही त्या लेखनाच्या कडेकडेने नदीत डुंबणे आहे, खोड्या आहेत, चोरून खाल्लेली फळे आहेत. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये तर हसू जागोजाग फुटते. हे सर्व आपल्या लेखकांना ठाऊक आहे. बारा वर्षांच्या मुलाला समोर बसवून ते सांगण्याची गरज मात्र फार थोड्यांना वाटली. बालसाहित्य लिहिणे हे काहीतरी हलके, साने गुरुजींच्या वारसांचे काम, असे आपण मानले. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी गिरणगावातल्या चाळींना वाचनाची चटक लावली. त्यांना साहित्यिक म्हणायला मराठीचे समीक्षक तयार नव्हते. निदान आपण तरी त्या समीक्षकांची सोवळी नेसू नयेत.

येत्या जयंतीला वर्गणी गोळा होईल. मंडप, ध्वनिक्षेपक, मिरवणूक यांचा खर्च वजा जाता जे उरेल त्यातून पन्नास गोष्टीची पुस्तके घ्यावीत, कपाटाचे कुलूप काढावे आणि किल्ली सातवीतल्या एखाद्या मुलीकडे द्यावी, असा ठराव मी आमच्या वस्तीच्या बैठकीत मांडणार आहे. पुस्तके परत येणार नाहीत असा आक्षेप येईल, तो मला ठाऊक आहे. कोणती परत आली नाहीत याची यादी मुलीने ठेवावी. पुढच्या वर्षी तीच पुस्तके पुन्हा दोन दोन प्रतींत घ्यायची आहेत.