प्रशस्त घडणीचा स्फटिक

सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका स्फटिकापाशी आज आपण थोडे रेंगाळू या. तीन सोडियम, दोन व्हॅनेडियम आणि तीन फॉस्फेट एवढाच त्याचा ऐवज. पण मांडणी पाहा: सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या व्हॅनेडियमचे दोन अष्टफलक समोरासमोर उभे, आणि त्यांना तीन बाजूंनी सांधणारे फॉस्फेटचे तीन चतुष्फलक. स्फटिकशास्त्रज्ञ या रचनेला कंदीलच म्हणतात. आपल्याला तर ती आकाशकंदिलाच्या कामट्यांची आठवण करून देते. हे घटक एकमेकांना केवळ कोपऱ्यांनी स्पर्श करतात, कडेला कड कुठेच भिडत नाही. आणि या संयमी स्पर्शामुळेच सांगाडा भक्कम राहूनही आत मोकळीक उरते.

ही मोकळीक सोडियमला हवीच असते. लिथियमच्या आयनाची त्रिज्या 0.76 अँगस्ट्रॉम, तर सोडियमची 1.02; त्यामुळे दाटीवाटीच्या स्फटिकात त्याची चाल जड होते. इथे मात्र त्याच्यासाठी दोन प्रकारच्या जागा आहेत: कंदिलांच्या रांगेत दोन कंदिलांमधली एक, आणि बाजूच्या ऐसपैस पोकळ्यांमधल्या तीन. म्हणजे जागा चार आणि सोडियम तीन! या एका रिकाम्या जागेवर माझे मन जडले आहे. सगळ्याच जागा भरलेल्या असत्या, तर कुणी कुठे सरकले असते? त्या रिकामपणामुळे आयन एका पोकळीतून दुसरीत, तिथून तिसरीत, उभे, आडवे, तिरके असे तिन्ही दिशांना वाहू शकतात. चार्जिंग सुरू झाले की तीनपैकी दोन सोडियम बाहेर पडतात, व्हॅनेडियम प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन सोडतो, स्फटिक सुमारे 8 टक्के आक्रसतो. पण सांगाडा मोडत नाही.

या घडणीचे कूळ 1976 सालचे. हाँग आणि जॉन गुडइनफ या संशोधकांनी सोडियम वेगाने वाहून नेणारा घन पदार्थ शोधताना झिर्कोनियमच्या संगतीने तो सांगाडा रचला, आणि त्यावरून 'नॅसिकॉन' हे नाव रूढ झाले. तिथे हवी होती फक्त आयनांची वाट. झिर्कोनियमच्या जागी इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकणारा व्हॅनेडियम बसला, आणि त्याच घडणीत वीज साठवण्याची क्षमता आली.

आता या सौंदर्याची दुसरी बाजू. जे फॉस्फेट सांगाडा सांभाळतात, तेच व्हॅनेडियमना एकमेकांपासून दूर ठेवतात; त्यामुळे आयनांना राजमार्ग लाभतो, पण इलेक्ट्रॉनांची वाट अडते. वेगवान चार्जिंगला तर दोघांनीही एकाच वेळी धावायला हवे. संशोधकांनी यावर काढलेला उपाय मला फार सुसंस्कृत वाटतो: सांगाड्याला धक्का न लावता त्यांनी कणांवर कार्बनचा, काही नॅनोमीटर जाडीचा, तलम थर चढवला आणि कणही बारीक केले. आयनाला कणात मुरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कण दहापट लहान झाला, तर आयनाचा प्रवास शंभरपट लवकर संपतो. केवळ आकार बदलून मिळालेला हा लाभ किती अलवार आहे!

सांगाड्याच्या आतही हळुवार फेरफार चालू आहेत. कधी थोडा ॲल्युमिनियम मिसळला जातो, तर कधी महागड्या व्हॅनेडियमचा अर्धा वाटा मँगनीज उचलतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील चमूने कॅथोड आणि ॲनोड दोन्ही याच नॅसिकॉन कुळातले घेतले. ॲनोडचे कण नॅनो आकाराचे केले, त्यांवर कार्बन चढवला, किंचित ॲल्युमिनियम घातला. 2025 मध्ये त्यांनी सांगितले की ही बॅटरी सहा मिनिटांत 80 टक्के चार्ज होते आणि 3000 हून अधिक आवर्तने टिकते.