केअरफिली: कुठल्या शतकातला दगड?

दक्षिण वेल्समधला हा किल्ला गिल्बर्ट द क्लेअरनं 1268 मध्ये बांधायला घेतला. 1270 मध्ये लिवेलिननं हल्ला करून काम जाळलं, पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं. तटाच्या आत तट, भोवती बांध घालून अडवलेलं पाणी. इथवर ठीक.

पण कललेला बुरूज दिसला की तुम्ही बिनधास्त लिहिता, 'यादवी युद्धात दारूनं उडवला'. अहो, जमीन खचूनही बुरूज कलतो! शिवाय ज्या भिंतींवरून 'मध्ययुगीन शैली' ठरवता, त्यांतला बराच भाग ब्यूटच्या मार्क्विसनं 1928 ते 1939 दरम्यान पुन्हा उभारलाय. डागडुजीच्या नोंदी आधी बघा, फोटो नंतर. माझ्या पहिल्या मसुद्यावर गाईडनी समासात एवढंच लिहिलं होतं: 'कुठल्या शतकातला दगड?'