राक्षसाची वाचा

एखादी गोष्ट लोकांस आवडली कीं तिचा उत्तरभाग निघतो. तो चालला कीं तिसरा निघतो. आणि पाहतां पाहतां मूळ गोष्टींत काय होतें याचा सांगणारांसच विसर पडतो. फ्रँकेन्स्टाइनच्या भयपटांची माला हें याचें ठळक उदाहरण होय. मेरी शेली हिची मूळ कादंबरी १८१८ सालीं प्रसिद्ध झाली. फ्रँकेन्स्टाइन हें नांव पुष्कळांस राक्षसाचें वाटतें; वस्तुतः तें त्याच्या निर्मात्याचें आहे. राक्षसास नांव नाहीं, परंतु वाचा आहे. कादंबरींत अनेक प्रकरणें तो आपली कैफियत स्वतःच मांडतो. म्हणून या मालेंतील चित्रपटांची पारख करतांना आमची कसोटी एकच आहे: या जीवास बोलूं दिलें आहे काय?

जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या चित्रपटांत तो मुका आहे. पण बोरिस कार्लोफ यांच्या अभिनयानें तें मुकेपणही बोलकें झालें आहे. तळ्याकाठीं एक लहान मुलगी त्याच्याबरोबर पाण्यावर फुलें सोडते. फुलें संपतात, तेव्हां तीही तशीच तरंगेल या समजुतीनें तो तिलाच पाण्यांत टाकतो. आपण शहारतों, पण त्याच्यावर रागावूं शकत नाहीं.

व्हेल यांनींच १९३५ सालीं काढलेला ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ याहून सरस आहे. त्यांत अरण्यांतील एक आंधळा साधु राक्षसास भाकरी देतो आणि ‘मित्र’ हा शब्द शिकवितो. राक्षसानें बोलावें हें खुद्द कार्लोफ यांस रुचलें नव्हतें. वाचा आली कीं गूढता जाते, हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण ‘मित्र’ हा शब्द शिकलेल्या जीवाचा मित्र हिरावला जातो, तेव्हां आपणांस भय वाटूं लागतें तें मशाली घेतलेल्या माणसांचें. शेवटीं कोणी जगावें व कोणी मरावें हें तो स्वतः ठरवितो. हा निर्णय मुक्या राक्षसास शोभला नसता.

पुढें मात्र उतार लागला. १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्यें बेला लुगोसी यांचा इगॉर अविस्मरणीय आहे, परंतु राक्षस पुन्हां मुका होऊन इगॉरच्या हातांतील हत्यार बनला. १९४२ सालीं इगॉरचाच मेंदू त्याच्या डोक्यांत बसविला गेला. वाचा आली ती उसनी, आणि दृष्टि गेली. १९४३ सालीं लुगोसी स्वतःच राक्षस झाले. त्यांचीं भाषणें चित्रित झालीं होतीं, पण प्रदर्शनापूर्वीं तीं कापण्यांत आलीं व अंधत्वाचा उल्लेखही त्यांबरोबर गेला. उरली ती हात पुढें करून चांचपडणारी चाल. आज जग जिची नक्कल करतें ती हीच. तिचें कारण मात्र कात्रीनें गिळलें! १९४८ सालीं हा राक्षस ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रपटांत आला. ज्याचें दुःख आपण ऐकत नाहीं, त्याची अखेर थट्टाच होते.

इंग्लंडांतील हॅमर कंपनीनें १९५७ पासून ही कथा नव्यानें, रंगीत स्वरूपांत मांडली. टेरेन्स फिशर यांच्या पहिल्या चित्रपटांत ख्रिस्तोफर ली यांचा राक्षस निःशब्द आहे; सारें लक्ष पीटर कुशिंग यांच्या निष्ठुर शास्त्रज्ञाकडे. ही दृष्टि नवी होती, हें मान्य केलें पाहिजे. तथापि हॅमरच्या मालेंतील सर्वांत हृदयद्रावक प्रसंग १९६९ च्या चित्रपटांत आहे. परक्या देहांत मेंदू घातलेला एक गृहस्थ घरीं परततो व पडद्याआडून पत्नीशीं बोलतो. ती त्यास आपला म्हणूं शकत नाहीं. तेथें रक्ताची गरज पडत नाहीं; शब्द पुरतात.

२०२५ सालीं गिलेर्मो देल तोरो यांनीं चित्रपटाचा उत्तरार्ध या जीवाच्या निवेदनास दिला. त्यांत सजावटीचा सोस अधिक आहे. परंतु हिरावलेला हक्क परत मिळाला, हें मोठें काम झालें.

आपल्या वेताळाची कथा इतकीं शतकें टिकली, ती त्याच्या प्रेतरूपामुळें नव्हे. तो राजास प्रश्न विचारतो म्हणून. नुसतें भय चित्रपटगृहाच्या दारापाशींच ओसरतें. प्रश्न मात्र आपल्याबरोबर घरीं येतो.