भैयासाहेबांची पेटी

ग्वाल्हेर म्हटलं की आपण मराठी माणसं हस्सू-हद्दूखाँची नावं घेतो, मग बाळकृष्णबुवा, मग विष्णू दिगंबर, आणि ख्यालावर येऊन थांबतो. त्याच ग्वाल्हेरच्या भैया गणपतरावांचं नाव निघालं तर एकच वाक्य ऐकू येतं: 'त्यांची पेटी गात असे.' कौतुक खरंच असेल, पण त्याला समीक्षा म्हणता येत नाही. पेटी गात नाही. गणपतरावांनी तिच्याकडून नेमकं काय करून घेतलं, ते विचारायला हवं.

पेटीचं माहेर फ्रान्स. पॅरिसच्या देबाँने १८४०च्या सुमारास पायपेटीचं पेटंट घेतलं. पुढे कोलकत्यात तिचा भाता मागे नेऊन ती हातपेटी झाली, मांडी घालून बसणाऱ्याच्या कामाची. पण तिच्यात मींड नाही. दोन पट्ट्यांमधे जे काही आहे, ते तिला बोलताच येत नाही. दरबारीचा आंदोलित गंधार तिच्याकडे मागायचा म्हणजे वाळूतून तेल काढायचं.

मला वाटतं, गणपतरावांचं शहाणपण इथेच दिसतं. त्यांनी तिच्याकडे ते मागितलंच नाही. ते ठुमरीकडे वळले. खमाज, पिलू, काफी, भैरवी! इथे एकेका बोलाभोवती लहान लहान जागा घ्यायच्या असतात, मुरकी, कणस्वर, मधेच शेजारच्या रागाची सावली. हलकी बोटं आणि भात्यावर ताबा असेल तर पेटी यात मागे पडत नाही. वाद्याची मर्यादा ओळखून त्याला साजेसा गानप्रकार निवडणं ही तडजोड नव्हे, कलावंताचा निर्णय आहे.

आक्षेप घेणारेही लेचेपेचे नव्हते. रवींद्रनाथांना पेटी नको होती. आकाशवाणीने १९४० साली ती बंद केली आणि १९७१ साली दार थोडंसं उघडलं, तेही साथीपुरतं. बारा ठोकळेबंद सुरांनी गळ्याची सवय बिघडते, हा मुद्दा आजही खोटा नाही. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवाला आपल्याकडे झाला म्हणून तो संपत नाही. फक्त एवढंच म्हणेन, दोष वाद्याचा असला तरी ते कुणाच्या हातात आहे आणि काय वाजवतंय, हे न बघता दिलेला निकाल अर्धाच.

गणपतराव १९२० साली गेले. त्यांची कारकीर्द मैफलींच्या हिशेबाने मोजू गेलं तर हाती फारसं लागत नाही. ती दिसते दुसऱ्यांच्या गळ्यात. बनारसचे मौजुद्दीन खाँ, कोलकत्याची गौहरजान, पुढे गिरिजाशंकर चक्रवर्ती. बोलबनावाच्या ठुमरीची वाट पूर्वेकडे रुंद झाली, त्यात या ग्वाल्हेरच्या माणसाचा मोठा वाटा आहे. साथ करणाऱ्याला आपण दुसऱ्या पाटावर बसवतो. पण गाणारणीला पुढची जागा सुचवणारी साथ ही शिकवणीच असते.

आता एक गोष्ट मनाला लागते. प्रत्येक चरित्रात 'महाराज जयाजीराव शिंद्यांचे पुत्र' हे ठळक असतं. आई चंद्रभागा मात्र अर्ध्या ओळीत उरकते. ती गाणारी होती. बापाकडून गादी मिळाली नाही, गाणं आईच्या घरात होतं, आणि आयुष्यभराचं काम झालं ते कोठ्यांवरच्या गायिकांबरोबर. म्हणजे या कारकिर्दीच्या दोन्ही टोकांना बायका आहेत, आणि इतिहासात मधला 'राजपुत्र' तेवढा उरला! ठुमरी हलकी, पेटी परकी, गाणारणी बदनाम, असं म्हणत म्हणत आपण जे बाजूला सारलं, ते सगळं त्यांनी एकत्र मांडीवर घेतलं होतं. त्यांना मोठं म्हणायचं तर यासाठी म्हणावं. शिंद्यांच्या रक्तासाठी नको, आणि 'पेटी गात असे' म्हणून तर नकोच नको.