मातीचा गोल

दिवाळी जवळ आली की अंधेरी-बोरिवलीकडच्या सोसायट्यांच्या आवारात मुले दगडविटा रचतात, वर चिखल थापून किल्ला उभारतात आणि शिवाजीमहाराजांना सिंहासनावर बसवतात. हा खेळ म्हणावा, पूजा म्हणावी की शिल्प, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो समीक्षकांना पडतो. आणि क्वचित एखाद्या कलावंतालाही फार तीव्रतेने पडतो.

ऑस्ट्रेलियातील आदिवासी शिल्पकर्त्री थँकूपीबाई (१९३७–२०११) यांना तो पडला होता. क्वीन्सलंडच्या उत्तरेकडील वाइपा हे त्यांचे गाव. त्यांचे नाव बाभळीच्या कुळातल्या एका फुलाचे. त्यांच्या समाजात कुंभारकामाची परंपरा नव्हती. माती होती ती विधींत अंग रंगवण्याची, म्हणून पवित्र. अशा मातीतून कला घडवायची कशी? १९७१ च्या सुमारास, तिशी उलटल्यावर, त्या सिडनीला मृत्तिकाकाम शिकायला गेल्या.

पुढे त्यांनी जे घडवले त्यात गोल हा आकार प्रमुख आहे. पात्र म्हणून पाहावे, तर त्यात साठवायचे काही नाही. नुसते शिल्प म्हणावे, तर पृष्ठभागावर कोरलेल्या रेषा पूर्वजांच्या कथा सांगत असतात. गोलाला आरंभ नाही, शेवट नाही. कथा पुरी कळायची तर पाहणाराला प्रदक्षिणाच घालावी लागते. छायाचित्र एकच बाजू दाखवते, आणि आमच्यासारख्या दूरच्या रसिकाला हीच उणीव या कलेचे मर्म शिकवून जाते.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचा. वारली लग्नातला चौक सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने लिहायचा; डहाणू तालुक्यातल्या या पुरुषाने ती रेषा कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज मात्र ती रेषा कपांवर, कुर्त्यांवर, उपनगरांतल्या भिंतींवर सर्रास दिसते, आणि पालघट देवीचे नावही अनेकांना ठाऊक नसते. चिन्ह राहिले, विधी सुटला. थँकूपीबाईंनी हा धोका ओळखला असावा असे आम्हांस वाटते. कारण मातीबरोबर त्यांनी भाषाही सांभाळली. आपल्या थायनाक्विथ भाषेचा त्यांचा कोश २००७ साली निघाला. शब्द हरवला की रेषा नुसती नक्षी होते.

एक गोष्ट मात्र खटकते. उत्तरकाळात त्यांनी ॲल्युमिनियमचे मोठे गोल ओतवून घेतले. २०१० सालचा 'एरान' कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे. त्यांची भव्यता मान्य. पण मातीवर उमटणारा बोटांचा दाब धातूत तसा उतरत नाही. तरी दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. ॲल्युमिनियम बॉक्साइटपासून होते, आणि १९५७ च्या कायद्याने वाइपाची जमीन बॉक्साइटसाठीच खाणकंपनीला देण्यात आली होती. ज्या धातूपायी भूमी गेली, त्याच धातूवर त्या भूमीच्या कथा कोरल्या गेल्या. यात तक्रार नाही, घोषणा नाही. आहे तो केवळ आपला हक्क सांगणारा हात.

किल्ला दिवाळीनंतर मोडतो, माती आवारातच राहते. यंदा तो पाहताना मुलांना एवढेच विचारावे: ही माती कुठून आणली, आणि तिची गोष्ट कोणाला ठाऊक आहे?