फॉर्म बी कोण वाचतं?

समीक्षा म्हटलं की कादंबरी आठवते, फार तर नाटक. आज आपण एका सरकारी अर्जाची समीक्षा करू. प्रयोगशाळेत उंदीर, ससा किंवा गिनिपिग वापरायचा तर आधी फॉर्म बी भरावा लागतो. आपल्या उपनगरात, पार्ल्यात नि चेंबुरात फार्मसीची कॉलेजं आहेत. तिथे संशोधन करणारं कुणी घरात असेल तर हा अर्ज तुमच्या कानावर आलाही असेल.

याचं मूळ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. त्या कायद्यानं प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती नेमायची तरतूद केली. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. १९९८ मध्ये नियम आले. प्रत्येक संस्थेत एक नैतिकता समिती असते. तिच्यात पशुवैद्य हवा, बाहेरचा शास्त्रज्ञ हवा, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक जाणता माणूसही हवा. ही शेवटची अट आम्हांला फार आवडते.

अर्ज वाचायला लागलो की तो चांगलाच वाटतो. प्राणी कशाला हवेत? हाच प्राणी का? इतकेच का? वेदना कमी कशी करणार? प्रयोगानंतर त्यांचं काय? आणि मग एक प्रश्न येतो, तिथे आम्ही थबकलो. असाच प्रयोग दुसऱ्या कुठल्या संस्थेनं केला आहे का, आणि केला असल्यास तुमच्या माहितीप्रमाणे त्याचे निष्कर्ष काय?

तुमच्या माहितीप्रमाणे! ही माहिती यायची कुठून? यशस्वी प्रयोगाचा शोधनिबंध होतो. फसलेल्या प्रयोगाचा बहुधा होत नाही. तो संस्थेच्या रजिस्टरात राहतो, आणि रजिस्टर कपाटात. म्हणजे कांदिवलीत फसलेला प्रयोग उद्या नागपुरात तितक्याच उंदरांवर पुन्हा होऊ शकतो, आणि दोन्ही अर्ज अगदी प्रामाणिकपणे भरलेले असतील. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. परवानगीचा अर्ज बारकाईनं लिहिला, पण नंतरचा हिशोब कुणी वाचावा असं त्या लिहिणाऱ्याच्या मनातच नव्हतं.

कायद्याची भाषा बघा. प्रयोगांच्या ‘योग्य’ नोंदी ठेवाव्यात, एवढंच तो म्हणतो. कुणासाठी योग्य? आणि समितीची अट मोडली तर कलम २० खाली दंड किती? जास्तीत जास्त दोनशे रुपये. आज अंधेरीहून विमानतळाला रिक्षानं जाऊन आलात तरी तेवढे होतात.

ब्रिटनचं गृहखातं दरवर्षी आकडे छापतं. २०२३ साली तिथे अशा २६ लाखांहून जास्त प्रक्रिया झाल्या. कोणता प्राणी, त्रास किती, सगळं त्यात आहे. अमेरिकेचं कौतुक मात्र जपून करा. तिथेही वार्षिक अहवाल निघतो, पण संशोधनासाठी पैदा केलेले उंदीर त्या कायद्यात मोजलेच जात नाहीत, आणि वापर तर त्यांचाच सर्वाधिक. ब्रिटनसारखं वार्षिक पुस्तक आपल्याकडे नाही.

कोव्हॅक्सिनची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत २० ऱ्हीसस माकडांवर झाली, पाच-पाचांचे चार गट करून. हे आपल्याला कसं कळलं? रजिस्टरामुळे नव्हे. २०२१ मध्ये शोधनिबंध आला म्हणून. लस यशस्वी झाली नसती तर ही वीस माकडं आपल्या हिशोबात आली असती का?

कंपन्या म्हणतील, आमची गुपितं फुटतील. संशोधक म्हणतील, लोक दारात येऊन उभे राहतील. दुसरी भीती खोटी नाही. पण संस्थेचं नाव, माणसाचं नाव, औषधाचं नाव, काहीच नको. कोणता प्राणी, किती, कोणत्या प्रकारच्या कामासाठी, आणि शेवटी काय झालं. चार रकाने. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना आपणहून माहिती जाहीर करायला सांगतंच. समितीनं देशाची बेरीज करून छापायला सुरुवात केली, तर फॉर्म बी भरणाऱ्या मुलीला त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर लिहिता येईल.