पंचाचा निर्णय आणि प्रेक्षकाचा संताप : ‘महाराष्ट्र केसरी’तील दोन वादांची चिकित्सा

प्रास्ताविक :

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली. परिषदेची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा १९६१ मध्ये आपल्याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत भरली आणि दिनकर दह्यारी हे तिचे पहिले मानकरी ठरले. तेव्हापासून चांदीची गदा हे महाराष्ट्रातील प्रत्येक मल्लाचे स्वप्न राहिले आहे. अलीकडच्या काळात मात्र ही स्पर्धा मल्लांच्या डावपेचांपेक्षा पंचांच्या निर्णयांमुळे अधिक गाजली. जानेवारी २०२३ मधील पुण्याची आणि फेब्रुवारी २०२५ मधील अहिल्यानगरची स्पर्धा ही त्याची ठळक उदाहरणे होत.

या दोन्ही वेळी उसळलेल्या संतापाकडे दोन प्रकारे पाहिले गेले. एका पक्षाने त्यास बेशिस्त म्हटले, तर दुसऱ्या पक्षाने त्यालाच पंचांच्या पक्षपाताचा पुरावा मानले. हे दोन्ही दृष्टिकोन अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पंच चुकतो हे प्रेक्षकास ठाऊक असते व तो ते सहनही करतो. चूक दाखविण्यास अधिकृत जागाच उरत नाही, तेव्हा त्याचा तोल जातो. या भूमिकेतून दोन्ही प्रसंगांचे विवेचन पुढे केले आहे.

दोन प्रसंगांचे स्वरूप :

२०२३ च्या पुणे येथील स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाड व सिकंदर शेख यांची लढत झाली. महेंद्रने टाकलेल्या बाहेरील टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि वादास तोंड फुटले. गुणांच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्यास केवळ खाली घेतल्यास दोन गुण मिळतात. तो थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे झुकलेल्या अवस्थेत पडला, तर चार गुण मिळतात. प्रश्न एवढाच होता, की सिकंदर कसा पडला? क्षणार्धात घडलेल्या त्या पडण्याची चित्रफीत पुढचे कित्येक दिवस गावोगावच्या मोबाइलवर फिरत राहिली. पंचाला धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. काहींनी या वादास मल्लाच्या धर्माचाही रंग दिला आणि गुणदानाचा तांत्रिक प्रश्न पार झाकोळून गेला.

२०२५ चा प्रसंग याहून गंभीर होता. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी शिवराज राक्षे यास चितपट घोषित करून पृथ्वीराज मोहोळ यास विजयी ठरविले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहून निर्णय तपासावा, अशी राक्षेच्या बाजूची मागणी होती. वाद वाढला आणि राक्षेने पंचाला लाथ मारली. त्यानंतर मोहोळविरुद्धच्या किताबी लढतीत महेंद्र गायकवाड गुणदानाच्या वादातून कुस्ती अर्धवट सोडून मैदानाबाहेर गेला. दोन्ही मल्लांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. पुढे चौकशी होऊन पंचाचा निर्णय सदोष आढळल्याचे आणि त्याच्यावरही तीन वर्षांची बंदी आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

येथे चितपट आणि गुण यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. चुकीने दिलेल्या वा नाकारलेल्या गुणाची भरपाई मल्ल उरलेल्या वेळात करू शकतो. चितपटीने मात्र कुस्ती तेथेच संपते. ज्या निर्णयानंतर खेळच शिल्लक राहत नाही, तो निर्णय सर्वाधिक काटेकोरपणे तपासला गेला पाहिजे. अहिल्यानगरच्या मैदानात नेमके हेच घडले नाही, अशी प्रेक्षकांची भावना झाली. पंचावर हात वा पाय उगारणे सर्वथा निंद्य आहे आणि त्याबद्दलची शिक्षा योग्यच होती. परंतु लाथेचा निषेध केल्याने मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

सामायिक दृष्टीची परंपरा :

मराठी मुलखातील प्रेक्षक स्वतःला निर्णयाचा भागीदार का समजतो, याचे उत्तर मैदानी कुस्तीच्या परंपरेत आहे. जत्रेतील निकाली कुस्तीत गुणफलक नसतो. खांदे टेकले की कुस्ती झाली. नाही टेकले, तर लढत बरोबरीत सोडविली जाते. हलगीच्या ठेक्यावर श्वास रोखून बसलेल्या हजारो लोकांना निकाल पंचाच्या बरोबरीनेच दिसतो. कोल्हापूरचे १९१२ साली उभारलेले खासबाग मैदान पाहावे. मधला हौदा आणि त्याभोवती वर चढत गेलेली गोलाकार बैठक, या रचनेमुळे कोठूनही कुस्ती स्पष्ट दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी जणू सर्वांच्या सामायिक दृष्टीसाठीच ही वास्तू उभारली. मराठवाड्यातही माळेगावच्या खंडोबा यात्रेतील कुस्त्यांना ही प्रत्यक्ष साक्षीची परंपरा लाभली आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ या म्हणीतला पंच हा लोकांच्या डोळ्यांदेखत बोलणारा पंच आहे.

गुणांच्या कुस्तीने हे नाते बदलले. धोक्याची स्थिती, ताबा, निष्क्रियता या संकल्पना तांत्रिक आहेत आणि त्यांचा अर्थ नियम जाणणाराच लावू शकतो. हा बदल अपरिहार्य होता, कारण राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धा याच नियमांनी होतात. तथापि, नियम बदलताना ते प्रेक्षकांस समजावून सांगण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. प्रेक्षक जुन्या डोळ्यांनी पाहतो आणि पंच नव्या नियमाने बोलतो. या दरीतच संशय रुजतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे सिकंदर शेखने झोळी डावावर शिवराज राक्षेस अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट करून गदा पटकावली, तेव्हा पुण्यासारखा वाद उद्भवला नाही. निकाल सर्वांना सारखाच दिसला होता.

प्रेक्षकाच्या दृष्टीची मर्यादा :

याचा अर्थ प्रेक्षकाचे म्हणणे नेहमीच खरे असते, असा मात्र नव्हे. १९५१ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ व प्रिन्स्टन या दोन शिक्षणसंस्थांत झालेला फुटबॉल सामना धसमुसळ्या खेळामुळे व दंडाच्या निर्णयांमुळे गाजला होता. अल्बर्ट हॅस्टॉर्फ व हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडील विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची चित्रफीत दाखवून नियमभंग मोजण्यास सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे तात्पर्य असे, की निष्ठा डोळ्यांनाही आपल्याकडे ओढून घेते. आपल्याकडे तालीम, तालुका आणि जिल्हा यांच्या निष्ठा याहून दुबळ्या नाहीत.

शिवाय संतापास खतपाणी घालणारे माध्यमही दुर्लक्षून चालणार नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीत वेंकटराघवन यांना पंच शंभू पान यांनी यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिले आणि प्रेक्षागारात बाटल्या, खुर्च्या व जाळपोळ यांचे थैमान झाले. दूर बसलेल्या प्रेक्षकास बॅटीची कड लागली की नाही, हे दिसणे शक्य नव्हते. आकाशवाणीवरील समालोचकाने निर्णयाबद्दल व्यक्त केलेली नापसंती ट्रान्झिस्टरमधून त्याच्या कानी पडली होती. १९६९ चा ट्रान्झिस्टर आणि आजचा मोबाइल यांचे कार्य एकच आहे. पंचाला जे एकदाच, एकाच कोनातून दिसते, त्यावर दुसरे मत ते तत्काळ लोकांच्या हाती देतात. फरक एवढाच, की आता मताबरोबर चित्रही येते आणि ते हवे तेवढ्या वेळा, हव्या त्या गतीने पाहता येते. जे साधन लाखोंच्या खिशात आहे, त्यापासून निर्णय देणाऱ्याने दूर राहावे, ही स्थिती फार काळ टिकणारी नाही.

दाद मागण्याची सोय :

क्रिकेटने हा धडा सावकाश घेतला. जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीतील पंचगिरीवर भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि पंच स्टीव्ह बकनर यांना पुढच्या कसोटीतून वगळावे लागले. त्याच वर्षी भारत-श्रीलंका मालिकेत निर्णय पुनरावलोकनाचा प्रयोग झाला. भारतीय मंडळाने दीर्घकाळ विरोध करून २०१६ मध्ये ही पद्धत स्वीकारली. तीमुळे वाद संपले नाहीत, परंतु वादास एक ठरलेली जागा, ठरलेला वेळ आणि ठरलेली किंमत मिळाली. आंतरराष्ट्रीय कुस्तीतही प्रशिक्षकास चित्रफितीद्वारे पुनरावलोकन मागता येते आणि मागणी फेटाळली गेल्यास प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. उठसूट तक्रार करण्यास त्यामुळे आळा बसतो.

अध्यापक वर्गास हा विचार अपरिचित नाही. उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला. आता छायांकित प्रती व पुनर्मूल्यांकन अंगवळणी पडले आहे. त्यामुळे परीक्षकाची प्रतिष्ठा ढासळली नाही. गुण देताना कारण सांगता आले पाहिजे, ही जाणीव मात्र वाढली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत तर यजमान महाविद्यालयाशी संबंधित व्यक्तीच अनेकदा पंचाच्या जागी असते. तेथे निर्णय अचूक असला, तरी तो निःपक्षपाती दिसत नाही. हरलेल्या खेळाडूच्या मनात राहिलेला सल हा त्या संस्थेच्या विश्वासार्हतेवरचा डाग असतो.

निष्कर्ष :

१. प्रेक्षकांचा असंतोष निष्ठेने रंगलेला असतो, म्हणून तो निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. मात्र तो कारणांची मागणी करीत असतो आणि ती मागणी न्याय्य आहे.

२. चितपटीसारखा खेळ संपविणारा निर्णय घोषित होण्यापूर्वी चित्रफितीच्या आधारे तपासला जावा आणि त्याचे कारण मैदानात ध्वनिक्षेपकावरून सांगितले जावे.

३. पंचांची नेमणूक यजमान संस्था व स्पर्धक तालमी यांच्यापासून स्वतंत्र असावी. पंचाच्या सुरक्षिततेची जबाबदारी आयोजकांची असावी.

४. चौकशी स्पर्धेनंतर नव्हे, तर स्पर्धेच्या काळातच व्हावी. अहिल्यानगरच्या प्रकरणात तीन वर्षांची शिक्षा मल्लालाही झाली आणि पंचालाही. परंतु ती लढत काही पुन्हा होऊ शकली नाही. तिच्यातून विजयी झालेल्या पृथ्वीराज मोहोळचा यात काहीही दोष नसताना त्याच्या गदेभोवती वादाची छाया राहिली. उशिरा मिळालेला न्याय हरलेल्याला तारत नाही आणि जिंकलेल्याचेही समाधान हिरावून घेतो.